संथ इंटरनेट आणि घरगुती उपाय
नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस गेलेली मुले बेळगाव-निपाणीच्या घरांशी आता संगणकाच्या पडद्यावरून बोलतात. बोलणे मध्येच तुटले की वडीलधाऱ्यांचा जीव कासावीस होतो. २००१ साली आलेली 'विंडोज एक्सपी' प्रणाली २० टक्के वेग अडवून ठेवते, असे ऐकून आम्हीही एकदा सेटिंग बदलले. फरक शून्य! एखाद्या प्रोग्रामने मागितल्याखेरीज तो वेग अडवला जातच नव्हता. विहिरीत जेवढे पाणी, तेवढेच पोहऱ्यात येणार; मात्र गळती थांबवता येते. विंडोज १० किंवा ११ मध्ये वाय-फायच्या सेटिंगमध्ये 'मीटर्ड कनेक्शन' चालू केल्यास बहुतेक अपडेट्स त्या वेळेपुरती उतरायची थांबतात. बोलणे संपताच ते बंद करावे, कारण सुरक्षिततेसाठी अपडेट्स हवीतच. शक्य तर संगणक केबलने राउटरला जोडावा. एवढ्याने लेकरांचा आवाज पुष्कळदा सलग ऐकू येतो.