ट्रॅक ओढण्याआधी

साडेनऊ. नोएडाच्या सेक्टर ६३ मध्ये कामाला बसलो की सर्किट बोर्डाच्या लेआउटची फाइल मी लगेच उघडत नाही. आधी स्कीमॅटिकचा, म्हणजे सर्किटच्या आराखड्याचा, प्रिंट पुढ्यात घेतो आणि लाल पेनाने खुणा करतो. वीज कुठून आत येते, जास्त करंट कुठे आहे, वेगवान सिग्नल कुठले, २३० व्होल्टची बाजू कुठे संपते. सध्या टेबलावर वीजमीटरचं कम्युनिकेशन कार्ड आहे. कोण कोणाला जोडलंय, एवढंच स्कीमॅटिक सांगतं. अंतर, रुंदी, दिशा हे सगळं लेआउट करणाऱ्याने ठरवायचं असतं. हे काम म्हणजे नुसत्या रेघा जोडणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ही अर्ध्या तासाची खुणांची बैठक एकदा बघावी.

दहा. नेटलिस्ट लेआउटमध्ये घेतली. एकमेकांना जोडायच्या पिनांचा गट म्हणजे एक नेट. पार्ट बोर्डावर बसतो तिथले तांब्याचे पॅड, भोकं आणि बाहेरची रेघ मिळून त्याचा फुटप्रिंट. सगळे फुटप्रिंट एका कोपऱ्यात ढीग होऊन पडतात आणि त्यांच्यामधून मांजाच्या गुंत्यासारख्या बारीक पांढऱ्या रेघा जातात. हे रॅट्सनेस्ट.

शेजारी आमची ट्रेनी बसते, अमरावतीची. घरी ती किकॅडवर सराव करते. ज्याँ-पियेर शारास या फ्रेंच माणसाने १९९२ मध्ये सुरू केलेलं हे मोफत सॉफ्टवेअर, पुढे युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेनेही त्याला हातभार लावला. ऑफिसात आम्ही कॅडन्सचं अलेग्रो वापरतो; त्या कंपनीचं मोठं संशोधन केंद्र याच नोएडात आहे. मेनू बदलतात, शब्द तेच राहतात. म्हणून मी तिला बटणं नंतर दाखवतो, शब्द आधी.

"सर, ऑटोराउटर लावून बघू?" तिला ट्रॅक, म्हणजे तांब्याच्या रेघा, सॉफ्टवेअरकडूनच ओढून घ्यायच्या होत्या.

"लाव, पण प्लेसमेंट झाल्यावर. पार्ट चुकीच्या जागी असला तर ट्रॅक कोणीही ओढू दे, उपयोग नाही."

प्लेसमेंटमध्ये कनेक्टर आधी बसतात, कारण त्यांची जागा डबीने ठरवलेली असते. मग मायक्रोकंट्रोलर, आणि त्याच्या प्रत्येक सप्लाय पिनेला अगदी खेटून १०० नॅनोफॅरडचा एकेक कपॅसिटर. चिप काही नॅनोसेकंदांत झटक्याने करंट मागते. तो दूरच्या रेग्युलेटरकडून लांब ट्रॅकने यायचा म्हटला तर ट्रॅकचं इंडक्टन्स आडवं येतं आणि पिनेवरचा व्होल्टेज तेवढ्यापुरता खाली जातो. स्कीमॅटिकमध्ये हे सगळे कपॅसिटर एका ओळीत, कागदाच्या कडेला काढलेले असतात. कुठला कुठल्या पिनेचा, ते तिथे दिसत नाही.

बारा. आजचा खरा मुद्दा इथे आला. ट्रेनीने डीआरसी चालवली, म्हणजे डिझाइन नियमांची तपासणी. शून्य चुका. तिचा चेहरा खुलला. मी तिला ऑप्टोकपलरवर झूम करायला सांगितलं. मीटरची मेन्सची, म्हणजे २३० व्होल्टची बाजू आणि बाहेर जाणारी कम्युनिकेशनची बाजू यांच्यामध्ये तोच एक पूल आहे; सिग्नल प्रकाशाने पलीकडे जातो, वीज जात नाही.

"दोन पॅडांमधलं अंतर मोज."

लायब्ररीतला नेहमीचा चार पायांचा फुटप्रिंट. पायांच्या दोन ओळींत ७.६२ मिलीमीटर, पॅड १.६ चे. मधे उरले ६.०२. या कार्डासाठी आम्ही ८ मिलीमीटर क्रीपेज ठरवलं आहे. क्रीपेज म्हणजे पृष्ठभागावरून सरपटत मोजलेलं अंतर, आणि क्लिअरन्स म्हणजे हवेतून सरळ. दिल्लीच्या भिंतीवरच्या मीटरला ही मोजणी फार जपून करावी लागते. वर्षभर धूळ बसते, जानेवारीच्या धुक्यात ती ओलसर होते आणि बोर्डाच्या पृष्ठभागावरून करंटला वाट मिळू लागते.

"पण सर, एरर का नाही आला?"

"आपण नियमच लिहिला नव्हता. मेन्सच्या नेटांचा वेगळा क्लास कर, दोन क्लासमध्ये ८ मिलीमीटर टाक, मग चालव."

आता लाल खुणांची रांग लागली. पाय बाहेर पसरलेला, १०.१६ मिलीमीटरचा पार्ट घेतला, पॅडांमध्ये ८.५६ मिळाले. खाली बोर्डात खाचही कापली. पार्ट नंबर बदलला म्हणून पर्चेसला फोन केला. सॉफ्टवेअर सांगितलेलंच तपासतं, आणि न सांगितलेल्या नियमामुळे उद्या एखाद्याला शॉक बसू शकतो. तिने घाईने पुढे न जाता हा नियम वहीत उतरवून घेतला, याचा मला मनापासून आनंद झाला.

सव्वाला कोपऱ्यावरच्या ठेल्यावर छोले-कुलचे.

दोन. राउटिंग. ट्रॅकची रुंदी मिलमध्ये बोलतात. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, मिलीमीटर नव्हे. एक औंस तांब्याचा थर ३५ मायक्रॉन जाडीचा असतो. त्यावर बाहेरच्या लेयरला एक अँपिअरसाठी साधारण १२ मिल पुरतात, पण जागा असेल तर मी जास्त देतो. वरच्या लेयरमधून खाली उतरायचं तर व्हाया, म्हणजे आतून तांबं चढवलेलं भोक. क्लॉकचा ट्रॅक ओढताना माझं लक्ष त्याच्या खालच्या ग्राउंडवर असतं. जाणारा करंट परतही येतो, आणि वेगवान सिग्नलचा परतीचा करंट ट्रॅकच्या बरोबर खालून येऊ पाहतो. तिथे ग्राउंडच्या पट्ट्याला चीर पडली तर त्याला वळसा पडतो आणि बोर्ड अँटेनासारखा रेडिओ गोंगाट फेकू लागतो. ही परतीची वाट स्क्रीनवर रेघ म्हणून दिसतच नाही.

चार. असेंब्ली लाइनवरून बोलावणं आलं. ग्राहकाकडून आलेल्या जुन्या डिझाइनचा लॉट चालू होता. सोल्डरिंगवाल्या दीदी म्हणाल्या, "भैया, ये वाली पिन सोल्डर पकड़ती ही नहीं." ती ग्राउंडची पिन होती, चहूबाजूंनी भरीव तांब्यात बसलेली. सोल्डरिंग आयर्नची सगळी उष्णता तांबं ओढून नेत होतं. पॅड आणि तांबं यांच्यामध्ये चार बारीक पट्ट्या ठेवतात, तो थर्मल रिलीफ. या पिनेतून काही मिलीअँपिअरच जातात, तेव्हा पट्ट्या सहज पुरतील. आमच्या नव्या बोर्डावर त्या आहेतच. ग्राहकाला मेल पाठवला. लेआउट शिकणाऱ्याने महिन्यातून एकदा तरी या टेबलाशी उभं राहावं, असं माझं ठाम मत आहे.

साडेपाच. गर्बर काढल्या, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या फॅबला पाठवायच्या फाइल. व्हिएन्नात जन्मलेल्या, नाझींपासून निसटून अमेरिकेत गेलेल्या जोसेफ गर्बरचं नाव या फाइलना लागलं आहे. प्रत्येक लेयरची एक फाइल: तांबं, सोल्डर मास्क, सिल्कस्क्रीन, ड्रिलची वेगळी. वेगळ्या व्ह्यूअरमध्ये उघडून एकावर एक ठेवून पाहिल्याशिवाय मी त्या पाठवत नाही.

सात. फॅबवाल्यांची क्वेरी आली: अर्ध्या मिलीमीटर पिचच्या चिपच्या पॅडांमधली मास्कची पट्टी काढून टाकू का? पॅड ०.३ चा, मधली फट ०.२, दोन्हीकडून मास्क ०.०५ ने मागे घेतल्यावर उरतात ०.१ मिलीमीटर. ती पट्टी गेली तर शेजारच्या पिना सोल्डरने जोडल्या जाऊ शकतात. मी उत्तर लिहिलं: पट्टी ठेवा, माझ्याकडून मास्कची सूट कमी करून नवी फाइल पाठवतो. ट्रेनी निघता निघता थांबली आणि ती फाइल तिनेच काढली.