क्रिॲटिनिनचे दोन अर्थ

चिन्हाचा अर्थ संदर्भाने पालटतो, हे भाषाभ्यासकास नवे नाही. रक्तातील क्रिॲटिनिन वाढले की मूत्रपिंडे दुर्बल झाली असे समजतात. डायलिसिसवरील रुग्णात मात्र ते फार कमी असणेच चिंतेचे, कारण ती बहुधा स्नायू झिजल्याची खूण असते. लॉरी व ल्यू यांनी १९९० मध्ये अमेरिकेतील १२,००० हून अधिक रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात अल्ब्युमिनची घट हे मृत्यूचे प्रबळ पूर्वचिन्ह ठरले. ही घट कुपोषणाने होते, तशी दाहानेही. ती चिन्ह होय, कारण नव्हे. डायलिसिसपूर्वी प्रथिने कमी करण्यास सांगतात. नंतर दर किलो वजनामागे रोज १ ते १.२ ग्रॅम लागतात. आपल्या मालवण किनाऱ्यावरील रुग्णाने जुन्या पथ्याच्या धाकाने ताजा बांगडाही (खारवलेला नव्हे) वैद्यांस न विचारता वर्ज्य करणे म्हणूनच धोक्याचे.