एआय कोडिंगमध्ये एजंट किती ठेवायचे? दुकानाच्या बिलिंगवर मल्टी-एजंट प्लगइन वापरताना



क्लॉड कोडच्या व्हिडिओनंतर सगळ्यात जास्त आलेली तक्रार अशी: "सर, मल्टी-एजंट प्लगइन टाकलं, यादीत वीस एजंट दिसतात, पण लिमिट लगेच संपतं आणि काम अर्धंच राहतं." थोडक्यात उत्तर देतो. छोट्या दुकानाच्या सॉफ्टवेअरला एक शोधणारा, एक लिहिणारा आणि एक तपासणारा एवढे पुरतात. असं का, ते आज एका खऱ्या कामावर समजून घेऊ.

(आज्ञा आणि फाइलची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. कॉम्प्युटरवर ती इंग्रजी अक्षरांत टाइप करायची.)

एजंट म्हणजे नेमकं काय?

क्लॉड कोड म्हणजे तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइल वाचून, बदलून, चालवून बघणारा एआय सहाय्यक. त्यातला मुख्य एजंट तुमच्याशी बोलतो. त्याची स्मरणाची जागा मर्यादित असते, तिला कॉन्टेक्स्ट म्हणतात. आपल्या काउंटरसारखंच समजा. सगळा माल काउंटरवरच मांडला तर बिल करायला जागा उरत नाही.

म्हणून मुख्य एजंट काही काम उपएजंटकडे देतो. उपएजंटला स्वतःचा वेगळा कॉन्टेक्स्ट असतो. तो दहा फाइल वाचतो आणि मुख्य एजंटला फक्त निष्कर्ष देतो. गोडाऊनमध्ये पोरगा पाठवला, त्याने सगळी पोती मोजली आणि येऊन सांगितलं, "साखर सात पोती." पोती काउंटरवर आली नाहीत, पण आकडा आला.

प्लगइन म्हणजे असे तयार एजंट, आज्ञा आणि आपोआप चालणाऱ्या कृती यांचं एक पॅकेट. क्लॉड कोडमध्ये उपएजंट जुलै २०२५ मध्ये आले आणि प्लगइनची सोय ऑक्टोबर २०२५ मध्ये.

लिमिट एवढं लवकर का संपतं?

प्रत्येक एजंटला कामाची माहिती नव्याने वाचावी लागते, आणि वाचण्याचेही टोकन मोजले जातात. अँथ्रॉपिक कंपनीने जून २०२५ मध्ये आपल्या संशोधन करणाऱ्या मल्टी-एजंट यंत्रणेबद्दल लिहिलं होतं. साध्या चॅटच्या तुलनेत एका एजंटला सुमारे ४ पट आणि मल्टी-एजंट यंत्रणेला सुमारे १५ पट टोकन लागतात, असा त्यांचा अनुभव होता. त्याच लेखात त्यांनी हेही म्हटलं होतं, की माहिती शोधण्याचं काम वाटून देता येतं, पण कोडिंगमध्ये खरोखर स्वतंत्र तुकडे कमी सापडतात.

दुसरं म्हणजे, देवनागरी मजकुराला त्याच अर्थाच्या इंग्रजी मजकुरापेक्षा साधारणपणे जास्त टोकन लागतात. सूचना मराठीत द्या, काही अडचण नाही. फक्त त्या छोट्या ठेवा.

खरं काम: २२ सप्टेंबर २०२५

त्या दिवशी घटस्थापना होती. मोहटादेवीच्या नवरात्राची गर्दी सुरू झाली आणि त्याच दिवसापासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. टूथपेस्ट, केसांचं तेल, शाम्पू, बिस्किटं १८ टक्क्यांवरून ५ वर आली. फरसाण १२ वरून ५ वर आलं. शाळेच्या वह्या १२ वरून शून्यावर आल्या.

आता समजा तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर एआयने बनवलंय. तुम्ही म्हणालात, "टूथपेस्टचा दर ५ कर." एआय जिथे जिथे १८ आहे तिथे ५ करेल. आजचं बिल बरोबर येईल. पण २१ तारखेचं जुनं बिल पुन्हा छापलं तर तेही ५ टक्क्यांनी निघेल. जुना माल परत आला तर पैसे कमी परत जातील. म्हणजे गिऱ्हाईकाशी वाद आणि रिटर्न भरताना हिशोबात फरक. दर वस्तूच्या नावासमोर एकदाच न लिहिता "कोणत्या तारखेपासून कोणता दर" असा ठेवावा लागतो.

(कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला गिऱ्हाईकाकडून बिलात कर घेता येत नाही. तुम्ही त्यात असाल तर हा नियम आधीच एआयला सांगा.)

हे काम तिघांत असं वाटायचं:

१. शोधक. कर मोजला, दाखवला किंवा साठवला जातो अशा सगळ्या जागा शोधून यादी द्यायची. याला फक्त वाचायची परवानगी. मॉडेल स्वस्तातलं, म्हणजे हायकू, चालतं.

२. लिहिणारा. हा मुख्य एजंटच. यादी हातात घेऊन आधी योजना सांगायची, तुम्ही हो म्हटल्यावरच बदल करायचे. लिहिणारा एकच ठेवा. दोन एजंट एकाच फाइलला हात लावू लागले, की एकाचं काम दुसरा पुसतो.

३. तपासनीस. लिहिणाऱ्याशी झालेलं तुमचं बोलणं याने ऐकलेलं नसतं, म्हणून तो कोऱ्या नजरेने बघतो. एजंट वाढवण्याचा सगळ्यात मोठा फायदा मला इथेच दिसतो. ज्याने वही लिहिली त्यानेच ती तपासली तर चूक सुटते, हे आपल्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

तपासनिसाला काय द्यायचं?

"नीट तपास" असं सांगून भागत नाही. उत्तरं तुम्ही स्वतः कागदावर काढून द्यायची. करपूर्व किंमत १०० रुपये धरा:

- २१ सप्टेंबर, टूथपेस्ट: ११८ रुपये.
- २२ सप्टेंबर, टूथपेस्ट: १०५ रुपये. त्यात केंद्राचा कर २.५ आणि राज्याचा २.५.
- २१ तारखेची टूथपेस्ट २५ तारखेला परत आली: क्रेडिट नोट ११८ रुपयांची, कारण विक्री जुन्या दराने झाली होती.
- २२ सप्टेंबर, शाळेची वही: १०० रुपये.
- कोल्ड्रिंक: दोन्ही दिवशी १४० रुपये. पण २१ तारखेला २८ टक्के कर अधिक १२ टक्के सेस, आणि २२ पासून सरळ ४० टक्के कर.

शेवटचं बिल मुद्दाम घातलंय. नुसती बेरीज बघणारा एजंट "बरोबर आहे" म्हणून मोकळा होईल. बिलावरची करांची फोड बघायला सांगितली तरच चूक सापडेल. ही पाच बिलं तयार करायला वीस मिनिटं लागतात, पण वीस एजंटांपेक्षा त्यांचा उपयोग जास्त. धंद्याचं ज्ञान तुमच्याकडे आहे, प्लगइन बनवणाऱ्याकडे नाही.

प्लगइन आपल्या धंद्याला बसवायचं कसं?

- नको ते बंद करा. "स्लॅश प्लगइन" आज्ञेने यादी उघडा आणि न लागणारी प्लगइन बंद ठेवा. एजंट न वापरताही त्याचं वर्णन कॉन्टेक्स्टमध्ये जागा खातं.

- वर्णन नेमकं लिहा. कोणतं काम कोणाकडे द्यायचं, हे मुख्य एजंट वर्णन वाचून ठरवतो. "कोड तपासतो" ऐवजी "बिल, कर किंवा उधारीच्या फाइल बदलल्यावर तपासतो" असं लिहा.

- अहवाल छोटा मागा. "फक्त चुका, फाइलचं नाव आणि ओळ सांग, कमाल दहा ओळी." उपएजंटने दोन पानं पाठवली तर मुख्य एजंटचं काउंटर पुन्हा भरलं.

- दुकानाचे नियम एकाच फाइलमध्ये ठेवा. क्लॉड डॉट एमडी नावाची फाइल मुख्य एजंट सुरुवातीलाच वाचतो. बाहेरच्या टेम्प्लेटमध्ये ३० दिवस झाले की उधारी लाल होते. आपल्या पाथर्डी तालुक्यात बरीच कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांचा हिशोब हंगाम संपून परत आल्यावर होतो. हे लिहून ठेवलं नाही, तर सॉफ्टवेअर चांगल्या गिऱ्हाईकाला थकबाकीदार ठरवून मेसेज पाठवायला सांगेल.

- काम बदललं की पाटी कोरी करा. कराचं काम संपवून स्टॉककडे वळताना "स्लॅश क्लिअर" द्या. जुनं बोलणं सोबत ओढत नेलं तर त्याचेही टोकन लागतात.

टाकण्याआधी दोन गोष्टी

पहिली: प्लगइन तुमच्या कॉम्प्युटरवर आज्ञा चालवू शकतं. अनोळखी माणसाचं प्लगइन घेणं म्हणजे अनोळखी माणसाला गल्ल्यावर बसवणं. आत काय आहे ते उघडून बघा, किंवा जाणकाराकडून बघून घ्या. आणि कामाआधी गिटमध्ये नोंद करा. गिट म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी वही. काही बिघडलं तर मागे जाता येतं, आणि तपासनिसाने परस्पर काही बदललं असेल तर तेही दिसतं.

दुसरी: गिऱ्हाईकांची खरी नावं, मोबाइल नंबर आणि उधारीचे आकडे सरावासाठी देऊ नका. खोटी नावं घालून दहा-वीस खाती बनवा आणि त्यांच्यावर काम करून घ्या. लोकांनी विश्वासाने उधारी आपल्या वहीत लिहिलेली असते.

कधी एजंट नकोच?

बिलावरचा पत्ता बदलायचाय, बटणाचा रंग बदलायचाय, एक रिपोर्ट हवाय? मुख्य एजंटला सरळ सांगा. एका फाइलचं काम असेल तर उपएजंट नको. पैसे, कर किंवा उधारीला हात लागत असेल तर मात्र तपासनीस हवाच.

या आठवड्याचं काम

एजंट वाढवण्याआधी तुमच्या धंद्यातली पाच अवघड बिलं कागदावर लिहा, हाताने काढलेल्या उत्तरासकट. परत आलेला माल, अर्धी रोख अर्धी उधारी, सूट दिलेलं बिल, असं काहीही. मग एकच तपासनीस बनवा आणि सध्याचं सॉफ्टवेअर त्या पाच बिलांवर चालवून घ्या. पाचपैकी किती बरोबर आली, त्यावरून पुढे कुठे पैसे घालायचे ते कळेल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा जोरात चालू द्या!