भरल्या मैदानाची मोजदाद

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील हट्टा आणि त्याच्या आसपासच्या मुलुखात यात्रेच्या निमित्ताने कुस्त्यांचा जो फड भरतो, त्याला ना भिंत असते ना तिकीट. पोरांच्या रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी प्रारंभ होतो, पंच एकामागून एक जोड लावीत जातात, इनामाची रक्कम चढत जाते, आणि शेवटची मोठी कुस्ती लागेपर्यंत बसलेल्यांच्या मागे उभे राहिलेले व त्यांच्याही मागे मिळेल त्या उंचवट्यावर चढलेले प्रेक्षक असा समुदाय दाटतो, की फड भरला किंवा नाही हा प्रश्नच कोणाच्या मनात उद्भवत नाही. परंतु मैदानाला भिंत, भिंतीला दरवाजा आणि दरवाजावर तिकीट आले, की मैदान भरल्याचा निर्णय प्रेक्षकांच्या डोळ्यांकडून निघून व्यवस्थापकांच्या दप्तराकडे जातो. आणि त्या दप्तरात काय लिहिले जाते, हे जाणून घेण्याचा अधिकार खेळावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला आहे, असे मी मानतो.

या दप्तराचा आपल्याकडील सर्वांत बोधप्रद इतिहास मुंबईत घडला. 1933 साली स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने 1937 मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियम उभारले आणि तीन तपांहून अधिक काळ मुंबईचे मोठे सामने तेथेच झाले. मात्र मैदानाची मालकी क्लबाकडे आणि सामन्यांचे यजमानपद मुंबई क्रिकेट संघटनेकडे, अशी ही दुहेरी व्यवस्था असल्यामुळे, कोणाच्या वाट्याला किती तिकिटे यावीत यावरून उभय संस्थांत वाद वाढत गेला. अखेर विधानसभेचे तत्कालीन अध्यक्ष शेषराव वानखेडे यांच्या पुढाकाराने, ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर, संघटनेने स्वतःचे क्रीडांगण बांधले आणि जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धच्या कसोटीने त्याचा आरंभ झाला. एका नगरात, हाकेच्या टप्प्यात, दोन भव्य मैदाने उभी राहण्यास जी कारणे झाली त्यांत आसनांच्या वाटपाचा तंटा अग्रभागी होता, ही गोष्ट या विषयाचे महत्त्व सिद्ध करण्यास पुरेशी आहे.

हे वाटप प्रत्यक्षात कसे होते? मैदानाची एकूण आसनक्षमता ही पहिली संख्या. तीतून साइटस्क्रीनमुळे किंवा कॅमेऱ्यांच्या मचाणांमुळे ज्यांवरून खेळ दिसत नाही अशी आसने वजा होतात; वार्ताहरांसाठी आणि बंदोबस्तासाठी काही जागा राखल्या जातात; संलग्न क्लब, आश्रयदाते, पाहुणा संघ, नियामक मंडळ आणि सरकारी खाती यांचा कोटा बाजूला निघतो; काही प्रवेशिका विनामूल्य दिल्या जातात. इतके झाल्यावर जे उरते ते सर्वसामान्यांसाठी खिडकीवर येते, आणि ते संपले की तिकिटे संपल्याचा फलक लागतो. म्हणजे तो फलक वस्तुतः शेवटच्या वाट्यापुरताच सत्य सांगतो. न खपलेला कोटा सामन्याच्या तोंडावर परत आला तर विक्री पुन्हा सुरू होते. आणि कोट्यातला धारक घरीच राहिला, तर दप्तरात भरलेले आसन उन्हात रिकामे पडलेले दिसते.

याचे ठळक उदाहरण 2 एप्रिल 2011 रोजी संघटनेच्या त्याच वानखेडे मैदानावर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना. नूतनीकरणानंतर मैदानाची क्षमता सुमारे 33,000 झाली होती; परंतु संलग्न क्लबांचा व आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचा वाटा काढल्यावर जनतेसाठी उरली ती अवघी चार हजारांच्या आसपास तिकिटे. फेब्रुवारीत त्यांतील सुमारे एक हजार आंतरजालावर विक्रीस येताच मागणीच्या लोंढ्याखाली विक्रीचे संकेतस्थळच कोलमडले. संघटनेची बाजूही येथे न्यायबुद्धीने पाहिली पाहिजे: ज्या क्लबांच्या मैदानांवर वर्षानुवर्षे मुंबईचे खेळाडू घडतात, त्यांचा हक्क क्षुल्लक नव्हे. परंतु हक्क जितका न्याय्य, तितका तो उघडपणे सांगण्यात संकोच कमी असावा.

अमेरिकेत मैदान भरले असे केव्हा म्हणावे या प्रश्नाचा विचार अधिक उघडपणे झाला, कारण तेथे त्यात पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही गुंतली होती. तेथील व्यावसायिक फुटबॉलमध्ये 1973 पासून असा दंडक होता, की सामन्याच्या 72 तास आधी तिकिटे संपली नाहीत तर त्या नगरातील घरांत तो दूरचित्रवाणीवर दिसणार नाही. आणि या हिशेबात श्रीमंतांच्या खास कक्षांची आसने धरली जात नसत. 2012 मध्ये संघांना 85 टक्क्यांपर्यंतची मुभा मिळाली आणि 2015 मध्ये दंडकच स्थगित झाला. बेसबॉलच्या दोन संघसमूहांपैकी एक समूह 1993 पर्यंत फिरत्या दांड्यातून आत शिरलेली माणसे मोजी, तर दुसरा विकलेली तिकिटे. पुढे दोघांनीही तिकिटेच मोजण्याचे ठरविले. बोस्टनच्या रेड सॉक्स संघाने मे 2003 ते एप्रिल 2013 या काळात, नियमित हंगाम आणि त्यानंतरचे सामने मिळून, सलग 820 वेळा मैदान पूर्ण भरल्याचा विक्रम सांगितला. त्या गणनेत उभ्याने पाहण्याची तिकिटे आणि विनामूल्य प्रवेशिकाही अंतर्भूत होत्या. व्याख्या उघड झाल्यावर ज्याला त्याला त्या विक्रमाचे मोल आपापल्या परीने ठरविता आले, आणि लोकांना हेच हवे असते.

हट्ट्यासारख्या गावातला एखादा क्रिकेटवेडा मुलगा परभणीहून देवगिरी एक्स्प्रेस धरून रात्रभराच्या प्रवासानंतर मुंबईत उतरतो, तेव्हा त्याच्यासाठी तिकिटे संपल्याचा तो फलक ही नुसती सूचना नसते. साठविलेले पैसे, बुडविलेली मजुरी आणि घरच्यांची मनधरणी या सर्वांवरचा तो निवाडा असतो. निवाडा देणाऱ्याने आधार सांगावा, हा न्यायाचा प्राथमिक नियम आहे. म्हणून प्रत्येक संघटनेने मोठ्या सामन्यापूर्वी एकूण आसने, राखीव वाटा आणि खुल्या विक्रीची तिकिटे, व सामन्यानंतर प्रत्यक्ष आत आलेले प्रेक्षक, अशा चार संख्यांचा ताळेबंद जाहीर करावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. त्यासाठी ना कायदा हवा ना खर्च, कारण या चारही संख्या दप्तरात आधीपासूनच असतात. चार हजार तिकिटे आहेत हे आधी कळले, तर तो मुलगा गावातच मित्रांबरोबर सामना पाहण्याचे शहाणपणाने ठरवील. आणि तरीही निघालाच, तर आपण किती दुर्लभ गोष्टीसाठी निघालो आहोत हे जाणून निघेल.