धाराशिव गहाण पडले तेव्हा

सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने निघाले की नळदुर्ग लागते. पावसाळ्यात नर-मादी धबधबे पाहायला गर्दी होते, पाणीमहालासमोर छायाचित्रे निघतात. किल्ला आदिलशाहीतला, एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण १८५३ ते १८६० अशी सात वर्षे हा किल्ला आणि भोवतालचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात होता, हे आपल्या जिल्ह्यातही फार थोड्यांना माहीत आहे. त्यासाठी ना लढाई झाली, ना तटाला खिंडार पडले. मुलूख गेला तो निजामाच्या शत्रूकडे नव्हे, मित्राकडे. आणि तोही त्या मित्राच्या फौजेचा पगार थकला म्हणून.

ही गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात खर्ड्यापासून करावी लागते. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्यात असला, तरी आपल्या भूम-परांड्याच्या शिवेलगतच आहे. मार्च १७९५ मध्ये तिथे निजाम अली खान आणि मराठे समोरासमोर आले. निजामाला भरवसा होता तो इंग्रजांचा. टिपूविरुद्धच्या युद्धात पेशवे, निजाम आणि कंपनी एकत्र लढून तीनच वर्षे झाली होती. शिवाय निजामाच्या पदरी, त्याच्याच खर्चाने, कंपनीच्या दोन पलटणी होत्या. पण गव्हर्नर जनरल सर जॉन शोर याने तटस्थ राहायचे ठरवले. मराठ्यांविरुद्ध त्या पलटणी निजामाला वापरता आल्या नाहीत. पगार देणारा एक आणि कुणाशी लढायचे हे ठरवणारा दुसरा, हे तेव्हाच उघड झाले.

खर्ड्याचा तह निजामाला जड गेला. परांड्यापासून तापीपर्यंतचा सरहद्दीचा मुलूख, दौलताबादचा किल्ला आणि तीन कोटी रुपये कबूल करावे लागले. दिवाण मुशीर-उल-मुल्क याला मराठ्यांच्या हवाली करावे लागले. चिडलेल्या निजामाने इंग्रज पलटणींना निरोप दिला आणि फ्रेंच सेनानी रेमंडची फौज वाढवली. पण त्याच वर्षी मुलगा अलीजाह बंड करून उठला, तेव्हा त्याने इंग्रज पलटणी पुन्हा बोलावून घेतल्या. मित्रावर विश्वास नाही आणि मित्रावाचून झोपही नाही, अशी ही अवस्था होती.

खर्ड्यात गेलेले मात्र कायमचे गेले नाही. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवरावांचा मृत्यू झाला आणि पुण्यात गादीचा वाद पेटला. त्या धामधुमीत नाना फडणविसांनी निजामाचा पाठिंबा मिळवण्यासाठी घेतलेला मुलूख परत देण्याचे मान्य केले आणि दिवाणाचीही सुटका झाली. शत्रूशी झालेला करार परिस्थिती पालटली की पालटतो. मित्राशी झालेल्या कराराचे तसे होत नाही, हे निजामाला पुढे कळायचे होते.

१ सप्टेंबर १७९८ रोजी वेलस्लीने निजामाशी तैनाती फौजेचा तह केला. कंपनीच्या सहा पलटणी हैदराबादेत कायम राहणार, त्यांचा वर्षाचा खर्च सुमारे २४ लाख रुपये निजाम देणार आणि फ्रेंचांची फौज मोडली जाणार, अशी कलमे होती. १८०० मध्ये दुसरा तह झाला. फौज आणखी वाढली आणि रोख पैशांऐवजी निजामाने मुलूखच दिला. म्हैसूरच्या दोन युद्धांतून वाट्याला आलेला बळ्ळारी, कडप्पा भागातला हा प्रदेश होता. म्हणजे मित्राबरोबर लढून मिळवलेले मित्राच्याच हाती गेले. शिवाय कंपनीला विचारल्याशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलणी करायची नाहीत, अशी अट आली.

एवढ्यावर हिशेब मिटायला हवा होता, कारण तैनाती फौजेचा खर्च मुलूख देऊन कायमचा चुकता झाला होता. पण १८०० च्या तहात आणखी एक कलम होते: युद्ध झाल्यास निजामाने सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडदळ मदतीला द्यावे. ते सैन्य चांगल्या प्रतीचे हवे, या कारणाने रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली एक वेगळीच फौज उभी राहिली. हीच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेली. पेशवाई १८१८ मध्ये संपली. ज्या शत्रूच्या भीतीने हे सगळे सुरू झाले तो शत्रूच उरला नाही, फौज मात्र उरली. पगार हैदराबादचा आणि हुकूम रेसिडेंटचा. वर्षाचा खर्च सुमारे ४० लाखांवर गेला.

तो भागवण्यासाठी चंदुलालने सावकारांकडून आणि पामर कंपनीसारख्या पेढ्यांकडून कर्जे काढली. कर्जासाठी महसुलाचे ठेके लिहून दिले. ठेकेदाराने दिलेली रक्कम व्याजासह रयतेकडून वसूल केली. हैदराबादच्या दरबारातली ही घडी अशी आपल्या खळ्यापर्यंत येऊन पोहोचत होती. पुढे पगार थकू लागले तसे कंपनीने स्वतःच्या खजिन्यातून पैसे दिले आणि ते निजामाच्या नावे मांडले. १८५३ पर्यंत हे देणे अर्ध्या कोटीच्या आसपास गेले.

गंमत अशी की, शांततेच्या काळात ही फौज पोसण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर घातलेले नाही, हे खुद्द डलहौसीने आपल्या टिपणात मान्य केले होते. तरीही वसुली थांबली नाही. रेसिडेंट कर्नल लो तहाचा मसुदा घेऊन आला तेव्हा नासिर-उद-दौला याने बराच विरोध केला. वडिलोपार्जित मुलूख विनाकारण देऊन टाकणे हे राजाला लांच्छन आहे, असे त्याचे म्हणणे होते. अखेर २१ मे १८५३ रोजी तह झाला. वऱ्हाड, रायचूर दोआब आणि पश्चिम सरहद्दीवरचा आपला भाग इंग्रजांकडे गेला. तहाची भाषा मुलूख ‘सोपवण्या’ची होती. शेतकऱ्याच्या भाषेत याला गहाण म्हणतात.

नळदुर्गला अधिकारी म्हणून आला मेडोज टेलर, ठगांवरच्या कादंबरीमुळे आधीच नाव झालेला. तुळजापूर त्याच्या मनात इतके राहिले की पुढे ‘तारा’ ही कादंबरी त्याने तिथूनच सुरू केली. माणूस कष्टाळू होता, रयतेत मिसळणारा होता. १८५७ मध्ये उठावाच्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात पाठवले गेले. कंटिंजंटची फौजही मध्य भारतात ह्यू रोजबरोबर झाशी-काल्पीच्या लढायांत लढली. निजामाच्या रक्षणासाठी म्हणून पोसलेली फौज अशी इंग्रजी राज्य वाचवायला कामी आली.

उठावात हैदराबाद इंग्रजांच्या बाजूने राहिले, त्याचे बक्षीस १८६० च्या तहाने मिळाले. देणे माफ झाले, रायचूर दोआब आणि ‘धारासेव’ परत आले. इंग्रजी कागदांतले हे धारासेव म्हणजे आपले धाराशिव. बंड केलेल्या सुरपूरच्या राजाचा मुलूखही निजामाला मिळाला. वऱ्हाड मात्र परत आले नाही. १९०२ मध्ये कर्झनने ते वर्षाला २५ लाखांच्या बोलीवर कायमच्या पट्ट्याने घेतले. उस्मान अली खानाने ते परत मागितले, तेव्हा १९२६ मध्ये रीडिंगने सार्वभौम सत्तेपुढे बरोबरीची भाषा चालत नाही, असे बजावले. याच निजामाला ‘ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र’ असा किताब दिलेला होता!

१९४७ मध्ये इंग्रज निघून गेले आणि त्यांच्याबरोबर ती हमीही गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य सोलापूरकडून आले. पहिली चकमक नळदुर्गलाच झाली आणि बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती आला. ऑगस्टमध्येच हैदराबादने संयुक्त राष्ट्रांकडे धाव घेतली होती, पण जुना मित्र मदतीला आला नाही. पाच दिवसांत सारे संपले. आपल्यासाठी ती मुक्ती होती.

परकी हमी ऐन वेळी पोकळ ठरणे नवे नाही. १९३९ मध्ये पोलंडसाठी ब्रिटन आणि फ्रान्सने युद्ध पुकारले, पण पोलंड वाचवायला फौज पोहोचली नाही. हैदराबादच्या गोष्टीत मला महत्त्वाचे वाटते ते आणखी वेगळे आहे. दीडशे वर्षे ज्याचे सिंहासन परक्या फौजेने सांभाळले, त्याला आपल्या रयतेची मर्जी सांभाळण्याची गरजच वाटली नाही. १७९८, १८००, १८५३, १८६० यांपैकी एकाही तहात धाराशिवच्या माणसाला कुणी विचारले नाही. तो गहाण पडला आणि सुटला, दोन्ही वेळा त्याच्या नकळत. म्हणून १९४८ मध्ये मित्र आला नाही तेव्हा त्या राजाच्या पाठीशी उभे राहायला रयतही नव्हती. मित्राची खरी किंमत निजामाने मोजली ती मुलखात किंवा रुपयांत नव्हे. ती ही होती.