गगनयानाचा भरवसा जोडावर

चिखलोली-अंबरनाथच्या एमआयडीसीत ज्यानं प्रेशर व्हेसलचं काम केलंय, त्याला वेगळं सांगायला नको: प्लेट सहसा दगा देत नाही, दगा देतो तो जोड. माणसं अंतराळात नेणाऱ्या भारताच्या गगनयानातही जोडाला खास जपलंय.

गगनयान नेणाऱ्या एलव्हीएम-3 रॉकेटच्या दोन्ही अंगांना एस-200 बूस्टर असतात. प्रत्येक सुमारे 20 मीटर लांब, 3.2 मीटर व्यासाचा, पोटात 200 टनांवर घनइंधन. एवढं धूड अखंड घडवणं अवघड, म्हणून ते तीन भागांत बनतं. गगनयानासाठीचा पहिला मधला भाग 2020 मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या पवईच्या कारखान्यातून बाहेर पडला. लांबी साडेआठ मीटर, वजन साडेपाच टन.

कवच मॅरेजिंग पोलादाचं. त्यात कार्बन नावापुरता, निकेल मात्र सुमारे 18 टक्के. आधी वेल्डिंग-मशीनिंग उरकायचं आणि मग भट्टीत तापवून पोलादाची खरी ताकद आणायची.

भाग एकमेकांत बसवले की मधली फट रबरी ओ-रिंगा बंद करतात. 28 जानेवारी 1986 ला अमेरिकेच्या ‘चॅलेंजर’च्या उजव्या बूस्टरमध्ये हीच रिंग थंडीनं ताठरली. जोडातून तप्त वायू निसटला आणि 73 सेकंदांत यान तुटून सातही अंतराळवीर गेले. घनइंधन एकदा पेटलं की मध्येच बंद करता येत नाही.

म्हणून एस-200 च्या माणसं नेणाऱ्या आवृत्तीत, म्हणजे एचएस-200 मध्ये, जोडांना जादा संरक्षण दिलं, उष्णतारोधक अस्तर आणि प्रज्वलन यंत्रणाही बळकट केली. 13 मे 2022 ला श्रीहरिकोटाला हा बूस्टर जमिनीवरच 135 सेकंद पेटवून पाहिला. तरीही बिघाड झालाच, तर अंतराळवीरांची कुपी रॉकेटपासून खेचून दूर नेणारी यंत्रणा आहे. तिचं उड्डाण 21 ऑक्टोबर 2023 ला तपासलं गेलं.

पण चाचणीत जळला तो बूस्टर वेगळा, माणसांना नेणार तो वेगळा. जो उडणार आहे, तो आधी पेटवून बघायची सोय नाही. पेटला की संपला. त्याच्या कवचाची हायड्रोटेस्ट, वेल्डचा एक्स-रे, ओ-रिंगेच्या खाचेचं माप, जे काही तपासायचं ते इंधन पेटण्याआधीच. त्या कागदांवर सही करणाऱ्या इन्स्पेक्टरच्या शब्दावर अंतराळवीर आसनाचा पट्टा आवळणार आहे.