पाक आणि काकवी

करवीर इलाख्यातील गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडांचा जाळ धडाडून पेटला आणि काहिलीतील रस तापू लागला, म्हणजे गुळव्या त्यात भेंडीच्या खोडाचा बुळबुळीत रस सोडतो. त्याच्या चिकटपणात गाळ व गोठलेली प्रथिने गुरफटून मळीच्या रूपाने वर येतात, आणि ती काढून टाकल्यावर रस कढत कढत सुमारे १०५ अंश सेल्सियसला पोचला, की जी उतरवून घेतात ती काकवी. तोच रस ११८ अंशांच्या आसपास नेला, तर गूळ होतो. हे अवघ्या १३ अंशांचे अंतर गुळव्या उष्णतामापकावाचून, थंड पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी बोटांनी चाचपून ओळखतो, ही विद्या मला फार आदरणीय वाटते.

काकवीचा तांबूस-काळा वर्ण म्हणजे मळ नव्हे. उसाचा रस स्वभावतः किंचित आम्ल असल्याने उकळताना त्यातील काही सुक्रोजचे विघटन होऊन ग्लुकोज व फ्रुक्टोज या दोन साध्या शर्करा निपजतात, आणि रसातील अमिनो आम्लांशी त्यांची प्रक्रिया होऊन तपकिरी रंगद्रव्ये व तो खमंग गंध उपजतो. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या प्रक्रियेचे वर्णन केले. भाकरीच्या पापुद्र्यावरील खरपूस डागही तिचेच.

कारखान्याच्या पांढऱ्या साखरेत सुक्रोजखेरीज जवळपास काहीच उरलेले नसते, म्हणून तिचा पाक निर्मळ दिसतो. परंतु ही शुद्धताच आचाऱ्याला आडवी येते. १०० ग्रॅम पाण्यात उकळत्या अवस्थेत ४८० ग्रॅमहून अधिक साखर विरघळते, २० अंशांना मात्र सुमारे २०० ग्रॅमच मावते. तेव्हा निवणाऱ्या घट्ट पाकात स्फटिक बांधण्यास एखादा कणसुद्धा निमित्त म्हणून पुरतो. पाकात लिंबाचे चार थेंब पिळण्याचा घरोघरीचा दस्तूर हा याच संकटाचा बंदोबस्त होय, कारण आम्लाने थोडे सुक्रोज फुटते आणि त्यातून निघालेल्या दोन्ही शर्करा सुक्रोजच्या स्फटिकात न बसता त्याच्या वाढीत अडसर घालतात. काकवीसाठी अशी तजवीज सहसा करावी लागत नाही. तिने ती काहिलीतूनच आणलेली असते.

असे असता, फिक्या पिवळ्या गुळाला पेठेत दर अधिक मिळतो एवढ्याच कारणासाठी काहिलीत सोडियम हायड्रोसल्फाइट, गुऱ्हाळाच्या बोलीत ‘हायड्रोस’, टाकण्याचा जो प्रघात पडला आहे, तो मला अत्यंत क्लेशकारक वाटतो. त्याने रंगद्रव्ये केवळ तात्पुरती विरंजित होतात, गंधकाचा अंश मागे राहतो, आणि साठवणीत हवा लागून तो गूळ पुन्हा काळवंडतो.